दिसून राह्यलं ना? मंग येते

माऊसला हात लावण्याआधी चाचा उजवा हात पँटीवर दोनदा पुसत. एकदा तळवा, एकदा हाताची पाठ. मग पडद्याकडे बोट करून समोरच्याला विचारत, "दिसून राह्यलं ना?" समोरचा मान हलवायचा. "दिसून राह्यलं ना? मंग येते." एवढं बोलून झालं की काम सुरू.

हे मालेगावचं सांगतेय. आमच्या वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिकवाल्यांनी उगाच कान टवकारू नयेत. बसस्टँडच्या मागे पिठाची चक्की, तिला चिकटून त्यांचं दुकान. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणायचे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो असं बरंच काही रंगवलेलं होतं, पण चाचांची ख्याती पाटीवर नसलेल्या कामासाठी होती. वेबसाइटच्या पानात अडकून बसलेला व्हिडिओ ते सोडवून आपल्या हातात द्यायचे.

तुम्हीही पाहिले असतील असे व्हिडिओ. पानात एक चौकट असते, चौकटीत माणूस छान बोलत असतो, आणि तो जतन करायचं बटण काही केल्या सापडत नाही. इंटरनेट आहे तोवर बघा, गेलं की बसा हात चोळत. मी जऊळक्याच्या पुढच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. आमच्याकडे इंटरनेट पाहुण्यासारखं यायचं, दोन मिनिटं टेकायचं आणि चहा व्हायच्या आत निघून जायचं. मुलांना काही दाखवायचं तर ते संगणकात आधी साठवून ठेवणं भाग होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी तावातावाने म्हणाले होते, "चाचा, हा व्हिडिओ या पानावर आहे आणि हे पान मला सेव्ह करता येतं, मग व्हिडिओ का येत नाही?"

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. चष्म्याला मागून काळा दोरा बांधलेला होता. "मॅडम, तुमच्या सैपाकघराच्या खिडकीतून शेजारनीची चूल दिसते का?"

"दिसते."

"तिच्या चुलीवर वरन शिजून राह्यलं. तुमी तुमची खिडकी उपटून हातात घेतली तं वरन येईन का?"

मी हसतच मान हलवली.

"हे पान म्हंजे खिडकी. व्हिडिओ दुसऱ्याच्या घरी हाय. आपल्याले त्याचं दार पाहा लागते."

आणि त्यांनी कीबोर्डच्या वरच्या ओळीतली एफ बारा नावाची कळ दाबली. त्या कळीवरची अक्षरं पार पुसून गेली होती. बाकी सगळा कीबोर्ड ठीकठाक, ही एकच कळ टकली. पडद्याच्या खालच्या बाजूला एक लांबलचक यादी उघडली. पान उघडताना आतल्या आत कुठून काय मागवलं जातं त्याची ती यादी होती. चाचा नाकासमोर बोट धरून एकेक ओळ वाचत खाली गेले, "हे चित्र, हे बी चित्र, ही जाहिरात, मरो तिकडं..." आणि एका ओळीवर बोट थांबलं. "हा पाहा. सगळ्यात जाडा. लपून बसला होता!"

ती ओळ त्यांनी वेगळ्या पानात उघडली आणि तिथे नुसता व्हिडिओ, आजूबाजूला काही नाही. माऊसची उजवी कळ दाबली, जतन केला. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, आणि चक्कीवर दळणाला आलेल्या बायका माझ्याकडे बघू लागल्या.

चाचांचा एक नियम होता. काम हातात घेण्याआधी विचारायचे, "कोनाचं हाय?" म्हणजे व्हिडिओ कुणाचा, आणि त्याच्या मालकाची ना आहे का. नवा सिनेमा मागणाऱ्याला दुकानातून बाहेर काढायचे. "सिनेमा पाहाचा असन तं वाशिमले जा, तिकीट काढ. मी काय चोर हाव?" कुणाच्या घरचा, लग्नाचा, भाषणाचा व्हिडिओ असेल तर "घरचं मानूस आना" म्हणून अडून बसायचे. लोक चिडायचे. मीसुद्धा एकदा चिडले होते. पण चाचा आपले शांतपणे बशीत चहा ओतत बसायचे.

दुसरी सवय अशी की प्रत्येक व्हिडिओच्या दोन प्रती. एक गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमध्ये आणि एक स्वतःच्या संगणकात, 'अमानत' नावाच्या फोल्डरमध्ये. "लोक पेनड्राइव्ह धुन्यात टाकतात मॅडम. मंग रडत येतात." आणि खरंच यायचे. रिसोडचा एक माणूस तीनदा आला होता, तिन्ही वेळा खिशासकट धुतलेला पेनड्राइव्ह घेऊन.

इतके व्हिडिओ डोळ्यांखालून गेल्यामुळे चाचांना जगातलं सगळं थोडं थोडं येत होतं. सोयाबीनवर कोणती अळी, गुडघ्याला कोणता व्यायाम, थ्रेशरचा पट्टा कसा बसवायचा. पायरीवर बसलेल्या कुणालाही ते सल्ला द्यायचे आणि वर म्हणायचे, "मी डाक्टर नाही, पन व्हिडिओ मीच उतरवला."

आता तो दिवस सांगते.

मी मूळची नगरकडची. इथे बदली होऊन आले तोवर झडती हा शब्दच मी ऐकला नव्हता; झडती पोलीस घेतात एवढंच ठाऊक. इथे पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे करतात आणि गावातला एखादा रंगेल माणूस ठसक्यात चार ओळी म्हणतो. त्यात थट्टा असते, टोमणे असतात. शेवटी तो "हर बोला" अशी हाक देतो आणि सगळा पोळा एका आवाजात "हर हर महादेव" करतो. मग दुसरी झडती. आमच्या वस्तीवरचे देवराव यात इतके तरबेज की मालेगाव, जऊळका भागात त्यांचं नाव होतं. झडत्या स्वतःच्या, कुठे लिहिलेल्या नाहीत. लिहिता येत नव्हतंच त्यांना.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षी एका संस्थेची मुलगी कॅमेरा घेऊन वस्तीवर आली होती आणि तिने त्यांच्या झडत्या टिपून संस्थेच्या वेबसाइटवर लावल्या होत्या. नऊ मिनिटांचा व्हिडिओ. देवरावांचा आवाज या जगात तेवढाच उरला होता. दरवर्षी पोळ्याआधी मी तो नेट येईल तसा, अडकत-अडकत मुलांना दाखवायचे, आणि दरवर्षी ठरवायचे की आता चाचांकडून हा उतरवून घ्यायचा. माझं ठरवणं आणि करणं यात नेहमीच एका वर्षाचं अंतर असतं.

त्या दिवशी दुपारी ते पान उघडलं तर वर लाल पट्टी: हे संकेतस्थळ आज सायंकाळी पाच वाजता कायमचे बंद होत आहे.

दोन वाजून गेले होते. मोबाइलवर उघडून पाहिलं तर चौकट काळी ठिक्कर. मुख्याध्यापकांना सांगून मी स्कूटी काढली, पण मालेगावच्या रस्त्याला न लागता आधी देवरावांच्या घरी गेले. कारण चाचा विचारणारच, कोनाचं हाय.

देवरावांची बायको पंचफुलाबाई अंगणात शेंगा निवडत होती. मी घाईघाईत सांगितलं. तिने ऐकून घेतलं, सूप भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "पाच वाजता ते बी जातीन?"

"जातील. म्हणून चला लवकर."

"चपला घालू देशीन का नाही?"

आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते आणि मालेगावचा आठवडी बाजार ऐन भरात होता. स्कूटी बाहेरच टाकून आम्ही माणसांतून वाट काढत दुकान गाठलं. चाचांनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलंच, "कोनाचं हाय?"

"माह्या मालकाचं," पंचफुलाबाई म्हणाली.

चाचा उठून उभे राहिले. "देवरावचं? वैनी, बसा. बसा तुमी." हात पँटीवर दोनदा पुसला. पान उघडलं, देवराव दिसले. धोतर, डोक्याला फेटा, तोंडात हसू. "दिसून राह्यलं ना? मंग येते."

पण ते येईना. टकली कळ दाबून यादी उघडली, तर त्यात जाडी ओळच नव्हती. व्हिडिओ एकसंध नव्हता, बारीक बारीक शेकडो तुकड्यांत येत होता, आणि प्रत्येक तुकड्याला कुलूप. चाचांनी एक उपाय केला, दुसरा केला, तिसरा केला. घड्याळात चार वाजले, सव्वाचार झाले. चाचांच्या कपाळावर घाम आला होता आणि मी त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी राहून नखं खात होते. त्यांना मी इतकी वर्षं ओळखत होते, पण "येत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आज ऐकावे लागणार की काय अशी भीती वाटली.

"येते," चाचा एकदम म्हणाले. "दार नाही उघडत ना? मंग खिडकीतूनच फोटो काढू. पडदा जसा चालून राह्यला तसाच रेकॉर्ड करतो. नऊ मिनटं चालू द्याचा फक्त."

"मग करा ना!"

"चित्र येईन मॅडम. आवाज नाही येनार. ह्या संगनकाचा आतला आवाज धराची सोय बिघडेल हाय." त्यांनी टेबलाखालून एक जुना माइक काढला आणि स्पीकरसमोर ठेवला. "बाहेरून धरा लागीन."

आम्ही तिघांनीही बाहेर पाहिलं. शेजारी चक्की घरघरत होती. समोर वेल्डिंगचं दुकान. रस्त्यावर भाजीवाल्यांचे दहा-बारा भोंगे एकाच वेळी टमाटे, वांगे, सांबार (इकडे कोथिंबिरीला म्हणतात) ओरडत होते. भरल्या बाजारात नऊ मिनिटांची शांतता कुठून आणायची?

चाचा उठले. दुकानातलं स्टूल उचललं, रस्त्याच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर चढले. पंचावन्नच्या पुढचा माणूस, पायात स्लिपर!

"बंद करा! सगळं बंद करा! दहा मिनटं!"

"काहून?" चक्कीवाला ओरडला.

"देवराव झडती म्हनून राह्यले!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग दारात उभी असलेली पंचफुलाबाई लोकांना दिसली आणि ते ओळीओळीने समजत गेलं. चक्कीचा पट्टा थांबला. वेल्डिंगवाल्याने चष्मा वर केला. एक टमाटेवाला मात्र भोंगा बंद करेना, म्हणे गिऱ्हाईक जाईन. चाचा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तुह्या भोंग्यात आवाज कोनाचा हाय?"

"तुमचा."

"मंग माहा आवाज मी बंद करून राह्यलो. तुले काय तरास?"

बाजारातल्या निम्म्या भोंग्यांत चाचांचाच आवाज होता. सगळ्यांच्या जाहिराती त्यांनीच रेकॉर्ड करून दिल्या होत्या. एकेक करत चाचांनी स्वतःलाच गप्प केलं आणि धावत दुकानात आले. पाचला पंचवीस मिनिटं कमी होती.

खरं सांगते, बाजार गप्प झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. दुकानासमोर माणसं दाटून उभी होती. पिशव्या खांद्याला, कोथिंबीर हातात, तोंडावर बोट. एका जीपवाल्याने सवयीने हॉर्न दिला, तर सात-आठ हात त्याच्या बॉनेटवर पडले. एक बकरी तेवढी ओरडत होती. तिला कोण समजावणार?

देवराव बोलू लागले.

"चाड्यावर मूठ, मुठीत दाना,
पावसाचा नाही ठिकाना,
आभाळ पाहे जमिनीकडं, जमीन पाहे वर,
बैल म्हने मालकाले, आदी पोटाले भर!
हर बोला..."

आणि ते थांबले. हात वर, मान जरा तिरकी. उत्तराची वाट बघत. व्हिडिओत उत्तर नव्हतं. कॅमेरा धरलेल्या मुलीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि अंगणात दुसरं कुणी नव्हतं. दोन क्षण वाट पाहून देवराव थोडे ओशाळून हसले आणि पुढची झडती सुरू केली. हे मी शाळेत कितीदा पाहिलं होतं, पण त्या थांबण्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तुम्हीच सांगा, नगरच्या बाईला काय कळणार?

बाजाराला कळलं होतं. पहिल्या झडतीनंतर समोरची गर्दी नुसती हलली. दुसऱ्या झडतीनंतर एका म्हाताऱ्याने स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं. तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक "हर बोला"नंतर देवराव थांबायचे आणि पाचशे माणसं श्वास रोखून धरायची. चाचा टेबलाशी उभे, एक हात माइकजवळ आणि दुसरा वर, गर्दीला थोपवून धरलेला. आठ मिनिटं झाली.

शेवटच्या झडतीला देवरावांनी डोळा बारीक करून आतल्या दाराकडे पाहिलं.

"वांग्याच्या भाजीले हिंगाचा वास,
कारभारीन माही लाखात खास,
सनाले मागे नवं लुगडं, मी आनला इळा,
तवापासून घरात माह्या रोजच हाय पोळा!
हर बोला..."

"हर हर महादेव!"

पहिला आवाज चाचांचा होता. वर धरलेला हात तसाच, आणि त्यांच्याच घशातून तो निघाला. त्यांच्यापाठोपाठ सगळा बाजार फुटला. चक्कीवाला, वेल्डिंगवाला, टमाटेवाला, सगळे. पत्रे थरथरले. मीही ओरडले, कोणत्या सुरात ते विचारू नका. त्या गदारोळात चाचा भानावर आले आणि जिवाच्या आकांताने किंचाळले, "अरे चूप बसा! रेकॉर्डिंग चालू हाय!"

पडद्यावर देवराव हसले आणि व्हिडिओ संपला.

चाचा मटकन खुर्चीत बसले. "माह्याच तोंडानं सत्यानाश केला वैनी. लहानपनापासून पोळ्यात उभा राह्यलो, ते तोंडात बसलं हाय. माफ करा." त्यांनी घड्याळ पाहिलं. "बारा मिनटं हायेत अजून. पुन्हा करू. या खेपेले मी बाहेर जाऊन उभा राहातो, माह्या तोंडात फडकं कोंबा." आणि हात पँटीवर पुसू लागले.

पंचफुलाबाईने पुढे होऊन माऊसवर हात ठेवला. तिचा पदर तोंडाशी होता, डोळे वाहत होते आणि ती हसतही होती.

"राहू द्या, भाऊ."

"आवाज खराब झाला वैनी."

"खराब नाही झाला." तिने पडद्याकडे पाहिलं. "त्या दिवशी मी दाराआड चहा करत होती. त्या पोरीनं मले सांगतलं, आवाज करू नका. हे हर बोला म्हनत आन् माह्या ओठावर ये, पन मी बोलली नाही. हे थांबत, वाट पाहात, आन् कोनीच बोले ना. मले लय लागलं ते. आज बोलले ना सगळे. आता ते कायले पुसून टाकता?"

चाचा चष्मा काढून दोऱ्यासकट पुसत बसले. पाचला आम्ही तिघांनी मिळून ते पान पुन्हा उघडलं. पान नव्हतं. चाचांनी दोन प्रती केल्या, एक तिला दिलेल्या नव्या पेनड्राइव्हमध्ये आणि एक अमानतमध्ये. "धुन्यात टाकू नोका," असं तिला तीनदा बजावलं.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. चार दिवसांचं आजारपण, फार त्रास नाही झाला म्हणतात. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. अकोल्याची त्यांची मुलगी संगणक घेऊन गेली, पण त्याआधी तिने आम्हा सगळ्यांना बोलावून ज्याची अमानत त्याला दिली. मी तिथे बसून सगळी यादी चाळली. सगळ्या तालुक्याची माणसं होती त्यात. चाचांचा मात्र एकही व्हिडिओ नव्हता. कुणी कॅमेरा धरला की म्हणायचे, "मले कायले? मी काय पाहाची चीज हाय?" आणि उठून आत जायचे. याचा मला फार राग आला, आणि त्या रागात मी तिथेच रडले.

यंदाच्या पोळ्याला आमच्या वस्तीवर तोरणाखाली शाळेचा लाउडस्पीकर लावला होता. हे आता दरवर्षीचं झालंय. सगळ्यांच्या झडत्या झाल्या की शेवटी देवरावांची लावतात. पंचफुलाबाई नवं लुगडं नेसून पुढे बसली होती. वांग्याची भाजी झाली, हिंग झाला, इळा झाला. देवरावांनी "हर बोला" म्हटलं, स्पीकरमधून चाचांचा आवाज सगळ्यांच्या आधी आला आणि त्याच्यामागे आमची सगळी वस्ती.

मग एक क्षण सगळे थांबले. मुलं माझ्याकडे बघून गालात हसत होती, कारण आता काय येणार ते त्यांना पाठ आहे. त्यांना ते झडतीतच असल्यासारखं वाटतं. चाचांना कधीही न पाहिलेल्या साठ पोरांनी छाती फुगवली आणि स्पीकरच्या बरोबरीने बोंब ठोकली, "अरे चूप बसा! रेकॉर्डिंग चालू हाय!"

आणि बैल सुटले.